जावयाची जीप

जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर माझं एकच ऐका. चोराकडून घ्या, दलालाकडून घ्या, भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यातून उपसून काढा, पण जावयाकडून घेऊ नका. चोराच्या गाडीचं बॉनेट उघडून बघता तरी येतं.

नातवंडं म्हणतात, आजी, इतकी वर्षं झाली, तो माणूसही गेला, आता तरी सोड ना. का सोडू? मेला म्हणून काय चांगला झाला? मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच उठावं, मी कोणाला धरून ठेवलेलं नाही.

गाड्यांचं मला कळत होतं, हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कुठली मोठी मिस्त्री लागून गेली. माझे वडील अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगचा ट्रक चालवायचे. तोंडाचे फटकळ, घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत, आईशी तर नाहीच. पण इंजिनाचा विषय निघाला की जीभ सैल सुटायची. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या आणि आमच्याकडे त्यांचा नुसता सुळसुळाट झाला. पाटलांना जीप हवी, ठेकेदारांना जीप हवी. घ्यायच्या आधी ती वडिलांना दाखवायला आमच्या दारात आणायचे. मी तिथंच मोरीवर भांडी घासत असायची. ऐकून ऐकून पाठ झालं.

वडील सांगायचे, "गाडी थंडी असतानी पाहा लागते. तुमी पोचायच्या आधीच मालकानं चालू करून गरम ठेवली असंल, तर समजजो का त्याच्या पोटात पाप हाये." धूर निळा निघाला तर इंजिन तेल पिऊन राहिलं. स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही, तर घरी जा. ब्रेक एका दाबात लागला पाहिजे, दोनदा पाय मारावा लागला तर आधी बायकोचं कुंकू आठवा. आणि गिअरबॉक्स फार आवाज करत असेल त्यापेक्षा अजिबात करत नसेल तर जास्त भ्या, कारण आत लाकडाचा भुसा कोंबलेला असतो. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "गाडीखाली आडवं झाल्याबिगर बयाणा देऊ नोका. कपडे खराब होतात तर होऊ द्या."

मग माझं लग्न झालं आणि मी दर्यापूरच्या पलीकडे पूर्णेच्या अंगाला असलेल्या एका गावात येऊन पडले. काळी माती, खारं पाणी. उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगांत हात जाईल, आणि पावसाळ्यात तीच माती पायातली वहाण ओढून घेईल. फाट्यापासून गावापर्यंत रस्ता म्हणायचं ते उगाच. श्रावणात बैलगाडीसुद्धा चाकं आवळून बसायची. आजारी पडायचं ते दिवाळीनंतर, असं आमच्याकडे थट्टेनं म्हणत. मला त्या थट्टेचं कधी हसू आलं नाही.

घरात सासू, सासरे, आमचे हे, मी आणि एकुलती एक नणंद. नणंदेला अमरावतीला दिलेली होती. स्वभावानं गरीब, गाय. तिचा नवरा जुन्या गाड्या घ्यायचा, रंग मारायचा आणि विकायचा. पांढरा झब्बा, केसांना तेल, बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला मुंग्या लागाव्यात. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पण मला विचारतो कोण? जावई म्हणजे दहावा ग्रह. तो दारात आला की मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून उभे राहायचे. गावातल्या कोणासमोर न वाकणारा माणूस, पण जवाईबापू म्हटलं की मान खाली.

तर नणंदेला दिवस गेले, पहिलटकरीण. चार दिवस माहेरी आली होती तेव्हा दर्यापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, हिची कंबर फार अरुंद आहे, घरी बाळंतपण करायचं नाही. कळा सुरू झाल्या की थेट अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर मूल हाती लागणार नाही. दिवस भरणार होते श्रावणात.

आता कोणताही शहाणा माणूस काय म्हणेल? पोरगी अमरावतीतच राहते, दवाखाना तिच्या घरापासून चालत जाण्यासारखा, तिला तिथंच राहू द्या. मी तेच म्हटलं. सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी देवघरात चपला घालून शिरले. "पह्यलं बाळंतपण माहेरी होते. लोकं काय म्हणतीन, मायबापाले लेक जड झाली?" तिकडे जावयाच्या आईनंही निरोप पाठवला की आमच्यात पहिलं बाळंतपण सासरी होत नाही. झालं, रीत म्हणजे रीत. दवाखान्याच्या दारातली पोरगी उचलून चिखलात आणायची, आणि मग चिखलातून दवाखान्यात कशी न्यायची याचा घोर करायचा! असे शहाणे आम्ही.

मामाजींनी त्यावर तोड काढली. जीप घ्यायची. जीपची चारही चाकं ओढतात, ती काळ्या मातीतून निघते, हे सगळ्यांनी ऐकलेलं. आमच्या ह्यांना ट्रॅक्टर चालवता येत होता, त्यामुळे जीपही जमेल. आणि घरात जुन्या गाड्यांचा जावई असताना दुसरीकडे जायचं म्हणजे त्याचा अपमान.

वैशाखात तो स्वतः जीप घेऊन आला. हिरवा रंग अजून बोटाला लागेल इतका ताजा. स्टिअरिंग डाव्या अंगाला. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, पुढे फुलांची माळ, आणि रेडिएटरच्या झाकणाभोवती पिवळ्या हळदीचा जाड थर. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "पाहा वं सूनबाई, पूजा केल्याबिगर नाही आणली. भक्तिभाव हाये जवायाले." मीही हात जोडले. हळदीकुंकवात खोट काढायची आमच्यात कोणाला सवय असते?

बाकीची खोट मात्र मला दिसत होती. चहा होईतो गाडी थंड झाली होती. त्यानं पुन्हा चालू केली तेव्हा मागून निळा धूर निघाला, आणि तो घाईघाईनं म्हणाला, "नवा रंग जळून राह्यला." गाडी वळवताना स्टिअरिंग त्यानं केवढं तरी फिरवलं तेव्हा चाक हललं. थांबवताना पाय दोनदा मारला. गिअरबॉक्स तर मौनात बसलेला. मी पदर दातात धरून ह्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, "गाडीखाली जाऊन पाहा एकदा. तुम्हाला माझी आण आहे."

हे बाहेर गेले, जरा घुटमळले, म्हणाले, "बाबा... म्हणजे... खालून एकदा पाहून घेऊ काय?" बाप समोर असला की ह्यांची जीभ अशीच अडखळायची.

मामाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. "जवायाच्या वस्तूले खालून पाह्यतं? काहून? तो काय बजारातला दलाल हाये?"

आणि तो हसला. अजून मला ते हसू दिसतं. म्हणाला, "पाहू द्या ना मामा, मी काही नाही म्हणत नाही. पण मले एक सांगा. ह्या गाडीत कोण जाणार हाये? माही बायको. माह्याच लेकराले घेऊन जाणार. मी काय खोटी गाडी देईन?"

यावर कोण काय बोलणार? बोलणंच असं की त्यावर शंका घेणारा माणूस नीच ठरावा. हे मागे सरले. मामाजींनी पैसे मोजले, जीप आमची झाली. जवाईबापूंना टोपी, उपरणं आणि पुरणाचं जेवण. वरून कीर्तन, आतून तमाशा! त्याच्या पानात तूप मीच वाढलं, याचा मला आजही राग येतो.

उन्हाळाभर जीप छान चालली. कोरड्या रस्त्यावर काय, खाटसुद्धा चालेल. दर्यापूरच्या बाजाराला गेलो, एकदा रिद्धपूरपर्यंत जाऊन आलो. पाणी मात्र फार प्यायची. झाकण उघडलं की आतलं पाणी पिवळसर दिसायचं. हे म्हणायचे, आपल्या खाऱ्या पाण्यानं गंज चढला. मलाही पटलं. आमच्याकडे खाऱ्या पाण्यानं घागरी गळतात, तिथं रेडिएटरची काय कथा. चारही चाकं जोडायची ती छोटी दांडी ह्यांनी कधी ओढून बघितली नाही, कारण गरजच पडली नाही. मी दोनदा म्हटलं, एकदा नाल्यात घालून बघा. "जवायानं देलेल्या गाडीवर भरोसा नाही काय तुले?" असं मामाजी म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

नणंद बाळंतपणाला आषाढातच माहेरी आली. श्रावणात एका सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. चार दिवसांची झड होती, पण त्या दिवशी पाऊस थांबला होता. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, मामाजींनी नारळ फोडला, ह्यांनी गाडी काढली. मी मागे बसून नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं. ती हिंमतीची निघाली. ओठ दाबून धरायची आणि कळ गेली की म्हणायची, "वहिनी, जीप हाये म्हणून बरं वं माय. नाही तं काय झालं असतं माह्यं."

फाट्याच्या अलीकडे एक नाला आहे. नेहमीचाच, गुडघाभर पाण्याचा. त्याच्या चढावर मागची चाकं रुतली आणि जागच्या जागी फिरायला लागली. हे म्हणाले, "घाबरू नोका, आता चारही लावतो." त्यांनी छोटी दांडी ओढली. गाडी गुरगुरली, मागून चिखल उडाला, आणि पुढची चाकं नंदीसारखी बसून राहिली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

मी खाली उतरले. तिथं जावई नव्हता, मामाजी नव्हते, रीत सांगायला कोणीच नव्हतं. पदर कमरेला खोचला आणि त्या चिखलात मी गाडीखाली आडवी झाले. वडील ज्या जागी बघायला सांगायचे तिथं बघितलं. पुढच्या चाकांकडे इंजिनाची ताकद नेणारा लोखंडी दांडा असतो. तो नव्हताच. तुटलेला नव्हता, वाकलेला नव्हता. काढून घेतलेला होता. दोन्हीकडची तोंडं मोकळी, त्यांच्यावर तोच ताजा हिरवा रंग मारलेला. तो दांडा दुसऱ्या कोणाच्या गाडीत घालून त्याचे वेगळे पैसे केले असतील त्यानं. मी खालूनच ओरडले. काय शिव्या दिल्या ते सांगत नाही. वडिलांची लेक आहे, एवढं पुरे.

हे मात्र हट्टाला पेटले. इंजिन रेटतच राहिले, निळ्या धुरानं नाला भरून गेला. आणि मग पुढून फट्कन आवाज आला. वाफेचा लोट उठला, रेडिएटरमधून पाणी भळाभळा वाहायला लागलं. पिवळंधमक. चिखलावर त्याचा ओघळ उतरला, आणि त्या वाफेबरोबर वास आला. गंजाचा नाही. स्वयंपाकघरातला.

नणंद कळ सोसत होती. ती एकदम नाक वर करून म्हणाली, "वहिनी, हळदीचा वास येऊन राह्यला."

मला उमजलं होतं. हळद पाण्यात फुगते, चिकटते, बारीक भोकं बुजवते. गळका रेडिएटर हळद टाकून तेवढ्यापुरता उभा करायचा आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. झाकणाभोवती जी सांडली होती तिला आम्ही पूजा समजून हात जोडले होते!

"वहिनी," ती म्हणाली, "ही माही हळद हाये. म्या कांडली व्हती. पूजेले पाह्यजे म्हणे. म्या म्हटलं, एवढी कायले? तं म्हणे, मोठी गाडी, मोठी पूजा." एवढं बोलून तिनं माझा हात घट्ट धरला आणि ओरडली. तोवर ती एकदाही ओरडली नव्हती.

पुढचं मी भराभर सांगते, मला तिथं रेंगाळायचं नाही. जवळच्या शेतात निंदणाऱ्या बाया धावल्या. पलीकडच्या बौद्ध वस्तीतून माणसं बाज घेऊन आली. कोणाची पोरगी, कोणाचं घर, काही न विचारता त्यांनी तिला बाजेवर घातलं आणि मांडीभर चिखलातून फाट्यापर्यंत उचलून नेलं. तिथून एका मालट्रकनं दर्यापूरला. अमरावतीला पोचायची वेळ निघून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. आई वाचली. मुलगा होता, नाक-डोळे रेखीव, डोक्यावर काळंभोर जावळ. रडला नाही.

जीप नंतर बैलांनी ओढून आणली आणि गोठ्याशेजारी उभी केली.

जावई आला तो पाऊस उघडल्यावर. फाट्यापर्यंत एस.टी.नं, पुढे चपला हातात घेऊन. ओसरीवर बसला, डोळे पुसले, "देवाची मर्जी" म्हणाला. सासूबाई रडल्या. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. तर याची नजर फिरत फिरत गोठ्याकडे गेली आणि म्हणतो कसा, "मामा, गाडी एवढ्या गाऱ्यात घालाची नसते. गाडीले जपा लागते. मले आधी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

मी दारात उभी होते. मामाजी पंच्याचं टोक बोटांत पिळत बसले. दांडा आणि हळद, दोन्ही त्यांना आमच्या ह्यांनी सांगितलेलं होतं. तरी गप्प. समोर जावई बसला होता ना! सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "जवायाले पाणी द्या वं कोनी. चालत आले."

मी तांब्या उचलला. तो माझ्या हातातून नणंदेनं घेतला. डोक्याला फडकं बांधलेली, अंगात रक्त नाही, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही म्हणून इतके दिवस आत पडलेली. ती ओसरीवरून उतरली, त्याच्यासमोरून चालत गोठ्याकडे गेली. जीपसमोर उकिडवी बसली. रेडिएटरच्या बुडाशी पाणी काढायची तोटी असते, ती तिनं पिळून उघडली. तळाला राहिलेलं पाणी तांब्यात पडायला लागलं. घट्ट, पिवळं, हळदीचा गाळ आलेलं. तांब्या भरेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि आम्ही सगळे बघत राहिलो.

मग ती आली आणि तांब्या त्याच्यासमोर ठेवला. आमच्याकडे पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. तोही तिनं आतून आणून ठेवला.

"हे काय व्हय?" तो म्हणाला.

"हळद. माह्या हातची. तुमी पूजेले नेली व्हती ना."

त्यानं मामाजींकडे बघितलं. त्याला खात्री होती, सासरा आता पोरीला दटावणार, माफी मागणार. आजवर या घरात तसंच होत आलं होतं. मामाजी उठून उभे राहिले, नेहमीसारखे. हात जोडले, तेही नेहमीसारखेच. आणि म्हणाले, "घ्या जवाईबापू. लेकीनं देलेलं पाणी हाये. नाही म्हणाचं नसते."

तो बसूनच राहिला. मामाजी तसेच हात जोडून उभे. शेवटी तो उठला, चपला तशाच हातात घेतल्या आणि आल्या वाटेनं निघून गेला. नणंद पुन्हा त्याच्या घरी गेली नाही. पुढं ती दर्यापूरला डॉक्टरीणबाईंच्याच हाताखाली लागली आणि शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या लेकरांना कडेवर घेत राहिली.

गावात पुष्कळ वर्षं बोलत होते, त्या घरात जावयाचा अपमान झाला म्हणून. झाला. दारात, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत झाला. मला तो आजही कमीच वाटतो.